बिशपसाहेबांचं बोलावणं

शार्त्र, ११ नोव्हेंबर ११४९
बिशप ओबेरसाहेब गावात उतरलेत. वीस तारखेला भेटायला या, असं मला बोलावणं आलं. विषय: मी शिकवतो त्या शाळेत हातोहात फिरणारं एक निनावी पुस्तक. ते माझंच. आधी शंका घ्यावी, मग श्रद्धा ठेवावी, असं मी त्यात लिहिलंय. बिशपसाहेबांचं मत नेमकं उलटं. आणि राजा त्यांना विचारल्याशिवाय लढाईला निघत नाही. शाळेत काय शिकवायचं, तेही तेच ठरवतात. मला अजिबात भीती वाटत नाही. जेवण गेलं नाही, कारण वाटाणे कच्चे होते.

१२ नोव्हेंबर
ठरलं. ताठ मानेनं जायचं आणि "होय, मीच लिहिलं" म्हणायचं. तीन मुद्दे तयार. व्याकरण शिकवणारा ओदों म्हणाला, की मागे एका गुरुजींना स्वतःचं पुस्तक स्वतःच्या हातानं जाळायला लावलं होतं. मी हसलो. ओदोंनं पाणी आणून दिलं.

१५ नोव्हेंबर
पिसं जळल्यासारखा वास कुठून येतोय, असं घरमालकीण हेर्सांदबाईंनी विचारलं. कातडी पानं जळताना असाच वास येतो. फक्त चौथं प्रकरण जाळलं. तसंही ते लांबलं होतं.

१८ नोव्हेंबर
दाढ भयंकर दुखतेय. वीस तारखेला जमेलसं वाटत नाही. हेर्सांदबाई म्हणाल्या, "गुरुजी, काल उजवी दुखत होती." दुखणं सरकतं, हे त्यांना कोण सांगणार.

२० नोव्हेंबर, सकाळी
निघालो. मुद्दे पाठ आहेत. दुसरा सोडून.

त्याच दिवशी, दुपारी
बिशपसाहेब फार म्हातारे आहेत. पायाशी गरम वीट, मांडीवर माझ्या पुस्तकाची नक्कल. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "हे तुमचं का?"
"नाही, महाराज. असला मूर्खपणा मी कशाला लिहीन?"
त्यांनी पुस्तक मिटलं. "चाळीस वर्षांत माझ्याशी कुणी धड भांडलं नाही. हा भेटला असता, तर शाळा त्याच्या हाती दिली असती."
मी तोंड उघडलं. पण सापळा असला तर? मिटलं.

२२ नोव्हेंबर
सापळा नव्हता. बिशपसाहेब पॅरिसला गेले. पुस्तक बरोबर नेलं, राजाच्या मुलांना शिकवायला. लिहिणाऱ्याचा पत्ता लागला का, असं ओदोंनं विचारलं.
वारला असावा, असं मी सांगितलं.