ही ती न्हाई

आई, गेल्या आठवड्यात मला ताप आला होता. चार दिवस अंथरुणातच होते. पाचव्या दिवशी जरा उठावंसं वाटलं, पण तोंडाला चव नव्हती, म्हणून खालच्या दुकानातून ते संत्र्याचं थंड पेय आणलं, ज्याच्या बाटल्या तू बारा वर्षं तपासल्यास. एक घोट घेतला आणि वाटलं, ही ती नाही. नुसतं गोड, जड, आणि गिळल्यावर कडवट. पुन्हा खाली जाऊन दुकानदाराला म्हटलं, "यात काहीतरी बदललंय." तो म्हणाला, "काकू, कंपनी तीच, माल तोच. तुमच्याच तोंडाला चव नसंल." मी मान हलवली आणि जिना चढून आले. दार लावल्यावर लक्षात आलं की एवढीशी गोष्ट सांगायलाही सावेडीतल्या या दोन खोल्यांत कुणी नाही.

नगरच्या एमआयडीसीतला तुझा कारखाना मला अजून दिसतो. धुऊन भरलेल्या काचेच्या बाटल्या पट्ट्यावरून खणखणत येतायत, मागे पांढरा दिवा लावलाय, आणि तू स्टुलावर बसून एकेका बाटलीत काडी, केस, तडा शोधतेयस. पापणी लवत नाही. घरी आल्यावर तू आधी डोळ्यांवर ओला पदर धरून बसायचीस, मग चुलीकडे वळायचीस. शाळा सुटली की मी कारखान्याच्या फाटकाशी तुझी वाट बघायचे. एकदा तुझ्यासोबत काम करणाऱ्या एका बाईनं लाडानं मला, तपासणीत बाजूला काढलेली एक भरलेली बाटली दिली. मी ती तोंडाला लावली आणि तेवढ्यात तू आलीस. पाठीत असा धपाटा घातलास की पेय नाकातून आलं. "टाकून दिल्याली बाटली पितीस व्हय? आत काच आसली म्हंजी? म्या दिसभर डोळं फोडून काय बघती मग?" असं ओरडलीस. मग पदरानं माझं तोंड पुसलंस. मी घरी पोहोचेपर्यंत रडले.

त्याच रविवारी तू माळीवाड्याच्या स्टँडवरून एक बाटली विकत आणलीस, ओल्या फडक्यात गुंडाळून. मी ओट्यावर बसून प्यायले. ती इतकी चांगली लागली की मी विचारलं, फाटकापाशी प्यायले ती अशी का नव्हती, आतलं तर एकच ना? तू भाकरी थापता थापता म्हणालीस, "आतलं येकच आसतंय गं. पर बाटली तापली की गॅस उडतो, मग निस्ती साखर लागती. गार आसली की गोडी दबती आन् झणका येतो. आदी पेढा खाल्ला तर हीच बाटली आंबट लागंल. कंपनीनं कितीबी मापून भरली तरी पिनाऱ्याचं तोंड कुठं मापून आसतंय?" तू चौथी शिकलेली. पुढं मी विज्ञान शिकवलं, वर्गात हेच सांगितलं, आणि हे माझ्या आईनं सांगितलंय असं एकदाही म्हटलं नाही.

मग ते हॉस्पिटल. औषधांनी तुझं जेवण तुटलं होतं. वरणभात माती लागतो म्हणायचीस, पाणी लोखंडासारखं. एका दुपारी तू म्हणालीस, "आपली संत्र्याची बाटली मिळंल का गं?" मी खाली जाऊन आणली, आता प्लॅस्टिकची. तू घोट घेतलास आणि तोंड फिरवलंस. "ही ती न्हाई." दुसऱ्या दिवशी पुन्हा आणली, पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी माझा तोल गेला. "तीच आहे, आई! तुझ्याच जिभेला आता काही कळत नाही." शेजारच्या खाटेवरची बाई आमच्याकडे बघायला लागली. तू माझ्याकडे बघितलंस, मग दोन्ही हातांनी बाटली धरलीस आणि सावकाश, थांबत थांबत, सगळी संपवलीस. तोंड पुसून म्हणालीस, "व्हय, हीच हाय." त्यानंतर तू माझ्याकडे काही मागितलं नाहीस. नऊ दिवसांनी तू गेलीस.

इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आले, की औषधांनी जीभ बिघडते, डॉक्टरही तसंच म्हणाले होते. ते खरंच आहे. या तापात मलाही पाणी लोखंडासारखं लागलं. पण गेले दोन दिवस मला दुसरंच काहीतरी आठवतंय, आणि ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. हा कागदही लिहून झाला की मी फाडीनच, कारण नंतर कुणाच्या हाती लागावा असं वाटत नाही.

त्या तिन्ही दुपारी मी दोन-दोन बाटल्या घेतल्या होत्या. हॉस्पिटलखालच्या दुकानाबाहेरच्या बाकावर बसून माझी आधी प्यायले, थंडगार, अगदी सावकाश. तुझी बाटली माझ्याजवळ बाकावर उन्हात असायची. अर्धा-पाऊण तास तरी. वर, तुझ्याजवळ, यायची मला भीती वाटत होती.