एका खुर्चीची खोली

३ जानेवारी, सकाळी ७.१०

ही काल चिरंजीवांकडे गेली. सूनबाईंची रजा संपली, नातवाकडे बघायला कोणीतरी हवं. पंधरा दिवसांचा प्रश्न. बसने आठ तास. मी राहिलो, कारण इथे काम आहे.

काम: मागच्या खोलीची लिसनिंग रूम करणे. एकतीस वर्षं टेलिफोन खात्याच्या तक्रार विभागात जगाचं ऐकून घेतलं. आता स्वतःसाठी ऐकायचं. ही परत येईल तेव्हा खोली तयार असेल. हिला आत न्यायचं, बासरीची रेकॉर्ड लावायची. थक्क होईल.

३ जानेवारी, दुपारी

मागच्या खोलीत हिचं शिलाई मशीन, कापडांचं कपाट, बोचकी, चिंध्या. मशीन बाल्कनीत हलवलं. तात्पुरतं. वर प्लॅस्टिक घातलं आहे, उगाच कोणी बोट दाखवायला नको. कपाट हॉलमध्ये, बोचकी पलंगाखाली.

खोली रिकामी झाल्यावर एक टाळी वाजवून पाहिली. दोन ऐकू आल्या. चांगलं लक्षण असावं.

५ जानेवारी

वाईट लक्षण आहे. हाय-फायवाला दुकानदार येऊन गेला. म्हणाला, खोली घुमते. भिंती उघड्या आहेत, कापड हवं, मऊ सामान हवं, भरलेली कपाटं हवीत. म्हणजे आधी होती तशीच खोली बरी होती का, असं विचारलं. हो म्हणाला. हा प्रश्न विचारायला नको होता.

९ जानेवारी

खुर्ची बसवली. दोन स्पीकर आणि ऐकणाऱ्याचं डोकं, तिन्हींत सारखं अंतर लागतं. टेपने सहा वेळा मोजलं. पायांभोवती खडूने खुणा केल्या. डोकं वीतभर जरी हललं तरी गाणारा डावीकडे सरकतो.

हिचा फोन. खोलीबद्दल सगळं समजावून सांगितलं. हिने विचारलं, मग मी कुठे बसायचं. म्हटलं, यात माझा काही दोष नाही, जागाच एका डोक्यापुरती असते, हे विज्ञान आहे. त्यावर बराच वेळ काही ऐकू आलं नाही. लाइनमध्ये फॉल्ट होता. मला लाइनी कळतात.

१७ जानेवारी

पंधरा दिवस झाले. बाळाला सर्दी, म्हणून हिचे आणखी पंधरा दिवस. बरंच झालं. नवे स्पीकर दोनशे तास वाजल्याशिवाय मोकळे होत नाहीत. रोज पाच तास वाजवतो आहे. हिने विचारलं, चार दिवस इकडे येता का, बाळ आता हसतं. म्हटलं, तास अर्धवट सोडता येत नाहीत. बाळ काय, पुढेही हसेलच.

संध्याकाळी दोन माणसांचा भात टाकला. सवयीने. उद्या सकाळचं काम वाचलं.

२९ जानेवारी

बाहेरचे आवाज फार. लिफ्ट, समोरच्या बाईंचा मिक्सर, त्यांच्या मिस्टरांचा खोकला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. सुताराला बोलावून खोलीला दुहेरी दार बसवलं. कडेने रबर. फ्रिजसारखं बंद होतं. सुतार म्हणाला, बोलणं, बेल, काही आत येणार नाही. ठोकाठोकी मात्र भिंतीतून येते, तिला इलाज नाही. मग बेल कशी कळणार, असं त्यानेच विचारलं. म्हटलं, बेल वाजवायला येतं कोण. त्याने पाणी मागितलं.

आत बसताना आता बाहेरच्या दाराला कडी घालतो. एकटा माणूस, आत कोणी शिरलं तरी पत्ता लागायचा नाही.

६ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.१५

उद्घाटन. समोरच्या बाई आणि मिस्टर यांना पाचची वेळ दिली होती. चहाचं आधण ठेवायच्या तयारीत, बिस्किटं बशीत. साडेचारलाच आत बसून सेटिंग केलं. सात वाजेपर्यंत वाट पाहिली. कोणी फिरकलं नाही. गाढवाला गुळाची चव काय. बिस्किटं मीच संपवली. मऊ पडली असती.

७ फेब्रुवारी

लिफ्टमध्ये समोरच्या बाई भेटल्या. मान फिरवली. स्वतः यायचं नाही आणि वर फुगायचं. शहाण्याने बोलू नये.

१४ फेब्रुवारी

हिचा मुक्काम वाढला. मी फोन उचलत नाही अशी तक्रार. फोन जवळ असला की स्पीकर गुणगुणतात, म्हणून तो हॉलमध्ये असतो. हिला सांगितलं, ठरावीक वेळ ठेव. पूर्वी हिचा रोज फोन यायचा, हल्ली चार दिवसांनी येतो. शिस्त लागते आहे.

खोली कशी आहे, असं हिने विचारलं. म्हटलं, अजून घुमते. दुकानातले पडदे पातळ आहेत, वर आखूड. मग म्हणाली, आणखी कशाची उणीव भासते का. म्हटलं, हो. केबल.

२६ फेब्रुवारी, संध्याकाळी ६

आजचा दिवस सोन्याचा. दोनशे तास भरले आणि बास, म्हणजे खर्जाचा आवाज, उघडला!

चारच्या सुमाराला बासरीची रेकॉर्ड लावली. वीस वर्षं ऐकतो आहे. तिच्यात मागे ढोल आहे हे आज कळलं. खोल, दबका. तीन ठोके, विराम, परत तीन. लय किंचित चुकते, पण जीव ओतून वाजवतो माणूस. दुसऱ्या बाजूलाही तोच ढोल. वीस मिनिटांनी तो थांबला. कुठे थांबावं हे मोठ्या कलावंताला कळतं. डोळे भरून आले. इथे दुसरं कोणी असायला हवं होतं असं वाटलं. एक क्षणच.

दुकानदाराला फोन केला. म्हणतो, त्या रेकॉर्डमध्ये ढोल नाही. त्याच्या सिस्टिमवर ऐकू येत नसेल, त्याला मी काय करणार.

२७ फेब्रुवारी

ढोल गेला. सकाळपासून पाच वेळा लावली. सुई पुसली, केबल उलटी केली, खुर्ची मोजली. नुसती बासरी. दुकानदाराकडे रीतसर तक्रार नोंदवली.

२८ फेब्रुवारी, सकाळी १०

चहा करत होतो म्हणून बेल ऐकू आली. समोरच्या बाई. हातात मोठं गाठोडं. उंबऱ्यातच उभ्या राहून सांगितलं.

परवा ही आली होती. सूनबाईंना सुट्टी होती, म्हणून पहाटेच्या बसने. कळवलं नव्हतं, मला चकित करायचं होतं म्हणे. बेल वाजवली. फोन केला. किल्लीने कुलूप उघडलं तर आतून कडी. मग दारावर मुठी आपटल्या. वीस मिनिटं. तीन ठोके, थांबायची, परत तीन. बाईंनी घरात नेलं, चहा दिला. भिंतीतून बासरी बारीक ऐकू येत होती. हिने विचारलं, रोज असंच असतं का. बाई म्हणाल्या, हो. उद्घाटनाला आम्हीही पंधरा मिनिटं बेल वाजवून परत गेलो. सूनबाईंची सुट्टी एकाच दिवसाची, त्यामुळे सहाच्या बसने ही परत गेली.

मी म्हटलं, हे मला काल का नाही सांगितलं. बाई म्हणाल्या, काल तीनदा बेल वाजवली.

गाठोड्यात पडदे आहेत. जाड, आतून दुहेरी अस्तर. सूनबाईंच्या मशीनवर शिवलेले. खिडकीचं माप मी कधीच कळवलं नव्हतं. लावले. एका बोटाचाही फरक नाही.

२८ फेब्रुवारी, दुपारी

टाळी वाजवली. एकच ऐकू आली. खोली आता उत्तम आहे. कोणीही तज्ज्ञ आणा. बासरी लावली आणि अर्ध्यात काढली.

१ मार्च

हिला फोन केला. पुष्कळ बोलायचं ठरवलं होतं, कागदावर मुद्दे लिहिले होते. चुकलं, हा पहिला मुद्दा. प्रत्यक्षात म्हणालो की अस्तरामुळे वरचे सूर नीट बसतात. ही बरं म्हणाली. कधी येतेस विचारलं. बघू म्हणाली. पुढे काही बोलली नाही. लाइन ठीक होती. फॉल्ट नव्हता.

३ मार्च

सुताराला बोलावून दुहेरी दार काढलं. कारण तांत्रिक: हवा खेळती राहत नव्हती. प्लॅस्टिकमधून दव झिरपून मशीनच्या चाकाला गंज आला आहे. तेल घातलं. मशीन आणि कपाट आत घेतलं. खिडकीजवळ, पूर्वीच्या जागी. त्यामुळे उजवा स्पीकर कपाटाआड गेला. स्वयंपाकघरातली एक खुर्ची आत आणून ठेवली. दोन्ही खुर्च्यांवर बसून पाहिलं. दोन्हीकडून सारखंच वाईट ऐकू येतं.

दुकानदार ढोलाच्या तक्रारीसाठी आला. तक्रार मागे घेतली. दोष सापडला का, विचारलं त्याने. हो म्हणालो.

६ मार्च, दुपारी ४.१०

चिरंजीवांच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, दारासमोरच्या पायरीवर. पहाटेच्या बसने आलो. कळवलेलं नाही. फोन घरी राहिला, हॉलमध्ये, त्याच्या ठरलेल्या जागी.

बेलवर चिठ्ठी चिकटवली आहे: बाळ झोपलं आहे, बेल वाजवू नये. हिचं अक्षर. ठोकावं तर बाळ उठेल. म्हणून बसलो आहे. घाबरून नाही.

दाराआड शिलाई मशीन चालू आहे. मध्येच थांबतं, दोरा तुटत असणार, परत सुरू होतं. हिला ती सवयच आहे, घाईत टाके घालायची. आवाज स्वच्छ येतो, ना घुमतो ना फुटतो. घरी या आवाजाने डोकं उठायचं, असं मीच म्हणायचो. पायरी रुंद आहे. दोघं बसतील.

ठरवलं: मशीन थांबलं की ठोकायचं. हलकेच, तीनदा.

४.३५

थांबलं होतं. पण दोरा ओवण्यापुरतंच असेल असं वाटलं.

५.२०

अजून चालू आहे.