बंगलोरच्या फेऱ्या

५ जानेवारी

आज पुन्हा तेच! ह्यांनी जेवणाच्या टेबलावर कागद पसरले — दोन विमान कंपन्या, दोन्हींच्या पॉइंटच्या योजना. वारंवार जाणाऱ्याला पॉइंट मिळतात, साठले की तिकीट फुकट. एक कंपनी नागपूरहून थेट बंगलोरला नेते. दुसरी मुंबईत उतरवून विमान बदलायला लावते, पण पॉइंट जास्त देते. नाव कुठे घालायचं ते काही ठरत नाही.

म्हटलं, कोणतीही घ्या. तर म्हणाले, "काहून? विचार करून घ्यावं लागते. आता जावंच लागते ना आपल्याले!"

जावंच लागते. पियूष होता तेव्हा तो यायचा. आमची तिकिटंही तोच काढायचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या मिरवणुकीला निघताना फोन आला — मोटारसायकल, ट्रक. एकुलता एक मुलगा! तेव्हापासून आम्हीच जातो. तिथे सून आहे, करिष्मा. आणि सोनिका, चार वर्षांची.

९ जानेवारी

शेजारचे मनोहरराव आले होते. मुलगा दिल्लीला, म्हणून त्यांना विमानातलं सगळं कळतं. ह्यांना म्हणाले, "एकच कंपनी धर गा विश्वनाथ. इकडे थोडं, तिकडे थोडं केलं तर काहीच साठत नाही." आणि मग सहज — "अन् दोन वर्षं गेला नाही, तर साठलेले पॉइंट मरते."

हे उठून आत गेले. मनोहररावांच्या लक्षात आलं. चहा अर्धा टाकून गेले बिचारे.

१२ जानेवारी

पियूषचेही पॉइंट होते. ते सोनिकाच्या नावावर होतील का, म्हणून ह्यांनी कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड बोलत होती. "मेंबर से बात करा दीजिए, सर."

ह्यांनी फोन माझ्या हातात दिला. मी काय सांगणार? ठेवून दिला.

२० जानेवारी

सोनिकाने व्हिडिओ कॉलवर विचारलं, "आबा, तुम्ही विमानात राहता का?" खूप हसलो. फोन ठेवल्यावर हे पुन्हा कागद घेऊन बसले.

२ फेब्रुवारी

रामटेकहून प्रेमिलावन्सं आल्या. टेबलावरचे कागद पाहिले आणि बोलल्याच — "वहिनी, करिष्मा बत्तीस वर्षांची आहे. तिले मायबाप नाही, म्हणून आज तुमच्याजवळ आहे. उद्या दुसरं घर केलं, तर तुम्ही तिथं कोण? मंग हे पॉइंट घेऊन काय करसान?"

हे ऐकत होते. एकेक कागद नीट घडी घालून ठेवत राहिले.

मला इतका राग आला! पण खोटं काय बोलल्या? मागच्या खेपेला पाहिलं — करिष्मा ओट्याशी उभ्या उभ्याच जेवते. ताट वाढून घेत नाही. त्या पोरीने जन्मभर असंच जेवावं, असं मला वाटतं का? नाही वाटत. आणि तिने दुसरं घर केलं तर सोनू दुरावेल, ही भीतीही जात नाही.

१६ फेब्रुवारी. बंगलोर.

करिष्माच्या ऑफिसातला अंकित येऊन गेला. दारातून आत येतो न येतो तोच सोनू धावत जाऊन त्याच्या अंगावर चढली. तो आम्हाला पाहून अवघडला. काका-काकू म्हणून वाकून नमस्कार केला. चहासुद्धा घेतला नाही. करिष्मा आमच्याकडे बघेना.

मुलगा चांगला वाटला. वाईट असता तर बरं झालं असतं!

१७ फेब्रुवारी

हे सकाळी गॅलरीत उभे होते. मला म्हणाले, "प्रेमा, पियूषच्या अंगावरही अशीच चढे वं ती."

२० फेब्रुवारी

नागपूरला परत आलो. कागद रद्दीत गेले. ह्यांनीच टाकले.

"घ्यायची नाही का योजना?"

"कशाले? किती फेऱ्या राहिल्या आपल्या, तेच मालूम नाही."

मी न्हाणीघरात नळ सोडून रडले.

८ मार्च

करिष्माचा फोन. आधी नुसती रडली. मग — "आई, अंकितने लग्नाचं विचारलंय. तुम्ही नाही म्हणालात तर मी नाही म्हणेन."

स्पीकर चालू होता. ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. "हो म्हण, बेटा. लग्नाले आम्ही येऊ. फक्त येवढं सांग — कोणाकडून यायचं आम्ही?"

ती म्हणाली, "माझ्याकडून, बाबा. मुलीकडून दुसरं कोण आहे मला?"

हे बराच वेळ रडले. संध्याकाळी तोंड धुतलं आणि थेट जाणाऱ्या कंपनीत आमची दोघांची नावं घातली. म्हटलं, पॉइंट कमी मिळतात ना त्यांचे?

"मिळू दे. लेकीच्या घरी जाताना मधात कोण उतरते वं!"