मशीन साऱ्याईले दाखवा

प्रिय सोमारी,

आपल्या गावाचा निकाल तिकडे मोहर्लीच्या जंगलापर्यंत पोचला असेलच. पण तू ऐकलंस ते अर्धं. उरलेलं मी सांगते, सांगितल्याशिवाय मले चैन नाई.

सरपंचपदाला माझे मोठे दीर नथ्थूभाऊ उभे होते, समोर चंदाबाई. तालुक्याच्या हॉलमध्ये मोजणीला भाऊंची प्रतिनिधी म्हणून मी बसले. टेबलावरचा अधिकारी भाऊंच्या गटाचा, हे साऱ्या तालुक्याला ठाऊक. प्रतिनिधी ज्या जाळीमागून मोजणी पाहतात, तिथं त्यानं चंदाबाईच्या माणसांना पार टोकाला बसवलं आणि मशीनचं तोंड आमच्याकडे फिरवलं. निकाल शेवटच्या मशीनवर अडला होता, आणि तिथं चंदाबाईची मतं भाऊंच्या दुप्पट होती. मी नीट पाहिलं. त्यानं मात्र मोठ्यानं उलटं वाचलं. बाहेर गुलाल उडायला लागला.

मी उभी राहिले. म्हटलं, "साहेब, आकडे उलटे वाचले. मशीन साऱ्याईले दाखवा."

तो हसला. "बाई, तुम्ही तं नथ्थूभाऊच्या घरच्या ना? मंग काऊन बोलून राह्यल्या?"

"घरचीच आहो. म्हणून तं समोर बसवलं, अन् समोरून दिसलं."

मग जो गलका झाला! चंदाबाईची माणसं जाळीला भिडली, पोलीस आले, मोठे साहेब धावत आले. त्यांनी मशीन सगळ्यांकडे वळवून बटण पुन्हा दाबलं. चंदाबाई निवडून आल्या. त्या अधिकाऱ्याला तिथूनच उठवलं, आता चौकशी लागली आहे.

घरी मी दिसले की भाऊ उठून जातात. सासूबाई भांडी आपटतात. आमचे हे, गोपाल, एवढंच म्हणाले, "थोडे दिवस दादाच्या समोर नको जाऊ," आणि माझ्या ताटात पुन्हा भात वाढला.

मागच्या वेळी तू त्याच हॉलमध्ये, त्याच माणसाच्या टेबलावर सदस्यपदाला थोडक्यात पडलीस आणि गाव सोडून गाईडच्या नोकरीला गेलीस. तुझं पडणं खरं होतं की नाही, ते आता कोणालाच कळणार नाही. पण चंदाबाई आपल्या वॉर्डातून सदस्य म्हणूनही निवडून आल्या आहेत, ती जागा त्या सोडणार. पोटनिवडणूक लागेल. सोमारी, तू उभी राहा. जंगल तुला सुट्टी देईल. मोजणीला तुझ्याकडून मी बसते, आणि या वेळी जाळीला अगदी चिकटून बसते.

उत्तराची वाट पाहणारी तुझीच,
रंभा