‘येते’ म्हणाली म्हणून

प्रिय नीना,

आशीर्वाद आहेतच, पण आधी चष्मा लाव आणि बस. फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि इंग्रजीत तर मी तुझ्यापुढे दोन वाक्यांतच गारद होतो, म्हणून हे मराठीत लिहितोय. रविवारच्या मराठी शाळेत आईने तुला रडवून रडवून जोडाक्षरं शिकवली, ती आज कामी येऊ देत. अडलीस तर मोठ्याने वाच. शेजारची शरयूमावशी आज कुरिअर करणार आहे, उद्या तुझ्या हाती पडेल.

शनिवारी आईला न्यायला विमान येणार, हे मी विसरलेलो नाही. सोबत नर्स, ऑक्सिजन, व्हीलचेअर, टेक्सासमधल्या तुझ्या फ्रिस्कोच्या घरात तळमजल्यावरची खोली, बाथरूममध्ये धरायला दांड्या. तू सगळं इतकं चोख ठरवलं आहेस की मला माझ्या बोटींवरचे डॉक्टर आठवले. हसू नकोस. रिटायर झाल्यापासून मी त्यांच्याबद्दल वाचतो आणि तू ‘आजोबांचं बोटीचं खूळ’ म्हणून तुझ्या आर्यला डोळा मारतेस, ते मला दिसतं. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडची कितीतरी माणसं मुंबई बंदरातून मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर गेली. इंग्रजांची वसाहत, त्यामुळे सगळं नियमाने. बोट हाकायची कप्तानाने, पण माणसांनी काय खायचं, पाणी किती प्यायचं, झोपायचं कुठे, डेक धुवायचा कधी, हे डॉक्टरच्या हातात. कुणी झुरू नये म्हणून काही डॉक्टर संध्याकाळी डेकवर ढोलकंसुद्धा वाजवायला लावत. ते काही सगळे दुष्ट नव्हते, बरं का. माणसं धडधाकट उतरावीत म्हणून काहींनी जिवाचं रान केलं. फक्त कुठे उतरायचं, हे आधीच ठरलेलं असे.

जानेवारीत मी ड्राइव्हवेवरच्या बर्फावर घसरलो तेव्हा तू टेक्सासहून मिळेल त्या फ्लाइटने धावत आलीस. आई घरात एकटी, दार सताड उघडं, मी बाहेर आडवा. शेजारचा उल्हास कुत्र्याला फिरवायला निघाला नसता तर काय झालं असतं, हे तू मला किती वेळा ऐकवलंस, आणि दर वेळी तुझं खरंच होतं. तुझ्या भीतीला मी नावं ठेवत नाही. पायरी उतरताना मलाही धडकी भरते. पण काल तू फोनवर म्हणालीस, “बाबा, साइन कर नाहीतर आय विल डू इट विदाउट यू, लॉयरशी बोललेय मी,” तेव्हा मी फोन ठेवला. माझी मुलगी माझ्याशी असं बोलेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. राग आला. मग तू किती दमली असशील, हेही वाटलं.

आता त्या सोशल वर्करचं. मी हॉस्पिटलात असताना ती घरी आली होती, आठवतं? आईच्या विस्मरणात इंग्रजी गेल्या दिवाळीपासून पार पुसलं गेलंय, म्हणून तिने फोनवर मराठी दुभाषी बाई लावली. बाईंनी विचारलं, मुलीकडे टेक्सासला जायला तयार आहात का? आई म्हणाली, “बरं, येते हं.” बाईंनी इंग्रजीत सांगितलं, हो म्हणतायत, येते म्हणाल्या. सोशल वर्करने तुला कळवलं आणि तू मला रडत रडत फोन केलास, “बाबा, आई सेड येस.” मलाही हायसं वाटलं, खोटं कशाला सांगू. परवा शरयूमावशी सहज बोलून गेली. ती तेव्हा आपल्या स्वयंपाकघरात चहा करत होती. म्हणाली, फोनमधल्या बाईंना ‘येते हं’ म्हणताना कांचनने उठून ओढणी सारखी केली, नमस्कार केला आणि दाराशी जाऊन चपला शोधायला लागली.

नीना, आपल्यात निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत. अशुभ मानतात. ‘येते’ म्हणतात. तू इथे वाढलीस, तुला ‘येते’ म्हणजे ‘आय ॲम कमिंग’. दुभाषी बाईंना कळलंही असतं, पण फोनवर चपला दिसत नाहीत. आई तुझ्याकडे यायला तयार झाली नव्हती गं, ती पाहुणी असल्यासारखी निरोप घेत होती. स्वतःच्याच घरात.

मुंबई बंदरात बोटीवर चढवण्याआधी एक अधिकारी प्रत्येकाला विचारायचा, स्वखुशीने जातोस ना? त्याच्या हुद्द्याचं नाव होतं ‘संरक्षक’. परवापासून मला सारखी एक बाई दिसते. पुस्तकातली नाही, माझ्या डोक्यातली. साहेब विचारतो, जाणार ना? धक्क्यावर मागे तिची आई उभी आहे. ती आईकडे वळून म्हणते, “येते.” साहेब मान डोलावतो. चला, पुढची.

आई प्रवासाला फिट आहे. मी चाळीस वर्षं लोकांना भूल दिली, तेवढं मला कळतं. तिला हलवायच्या कागदांवर डॉक्टरांची सही झालीय, खाली नवरा म्हणून माझी तेवढी राहिलीय. काल तुझा फोन झाल्यावर पेन घेऊन बसलोच होतो. मग म्हटलं, एकदा आपण नीट विचारू. ती दुपारी खिडकीशी बसते, तिथे तिच्यासमोर बसलो, हात हातात घेतला आणि विचारलं, कांचन, हे घर सोडून टेक्सासला जायचं का? कायमचं? तेवढ्यात शाळेची पिवळी बस कोपऱ्यावर थांबली. तिने तिकडे बोट केलं आणि मलाच रागावली, “वेड लागलंय का तुम्हाला? नीना अजून यायचीय शाळेतून. पोरीला एकटीला टाकून कुठे निघालात?” म्हणून सही केलेली नाही, आणि म्हणूनच हे पत्र. वकिलाला थोडं थांबव. शनिवारचं विमान कॅन्सल कर आणि तू ये. बसच्या वेळेला ये. गाडी उल्हासकडे लाव आणि कोपऱ्यावरून चालत ये, तिला दिसशील अशी. मग तूच विचार. तुझा हात धरून ती ‘चल’ म्हणाली, तर मी तिथल्या तिथे सही करतो.

तुझाच,
खिडकीतल्या दुसऱ्या खुर्चीवरचा
बाबा