कोनाचं दोनाचं नाणं

१२ नोव्हेंबर २००६, बदनापूर

हे दुकानातून आले. अर्धा लिटर दूध, पेपर, साखर. उरलेली नाणी टेबलावर ओळीने मांडून म्हणाले, "सगळं बरोबर. सुट्टे देणाऱ्याला दुकानात मान असतो, नोट काढणाऱ्याला नाही." रोज हेच वाक्य, आणि मला रोज बरं वाटतं.

काचबिंदूने उजवा डोळा गेला. डाव्यात आता नुसता उजेड. पण आठ आणे, रुपया, पाचाचा जाड ठोकळा, कडेला कोन असलेलं दोनाचं, सगळी बोटांनी झटकन सांगतात. नोकरीभर शेतकी खात्यात बियाणं निवडलं, ते बोटांत राहिलंय. दिवसातलं हे एकच काम आता एकट्याने करतात. काठी घेऊन दोनशे पावलं, मी फाटकापर्यंतसुद्धा यायचं नाही.

दोनाचं नवीन नाणं गोल आलंय. हाताला अगदी रुपयाच. ह्यांना अजून बोलले नाही.

१५ नोव्हें.

दुपारी हे जरा आडवे झाले होते तेव्हा रज्जाकभाईंच्या दुकानात जाऊन आले. म्हटलं, ह्यांना गोल दोनाचं देत जाऊ नका, नुसतं कोनाचं द्या. लगेच म्हणाले, "भाभी, फिकर करू नका. कोनवाले बाजूला काढून ठेवतो. साहेबांना गोल एक बी देणार न्हाई."

वाटेत पारूबाईकडे भाजी घेतली. तिच्या पाटीतल्या चिल्लरमधूनही कोनाची वेचून मागितली. ती हसायला लागली. "बाई, पैशात बी निवडनटिपन करून राह्यल्या का? भेंडी निवडता तेवढी बास न्हाई का!"

२ डिसें.

खिशात घालायची नाणी ह्यांच्या वाटीत मीच ठेवते. गोल दोनाची आली की माझ्या पर्समध्ये. जमतंय.

आज उगाच सिकंदराबादची शाळा आठवली. फाटकाबाहेर पेरूवाली बसायची. एका आण्याला लाटांची कड, दोन आणे चौकोनी. बाई मान वर न करता घेई, हातानेच कळायचं तिला. तेव्हा प्रत्येक नाण्याला आपलं आपलं अंग होतं. आता सगळी एकाच तव्यावरची.

त्या कॉन्व्हेंटातल्या आमच्या सिस्टर म्हणायच्या, न सांगणं हेसुद्धा खोटंच. आठवायला नको होतं.

२६ डिसें.

मुलीचा फोन, पुण्याहून. "आई, बाबांना एकटं कशाला सोडतेस? एखादा माणूस ठेव ना बाजाराला." ह्यांनी ऐकलं. म्हणाले, "तिला सांग, मी काही पार्सल नाही."

१८ जानेवारी २००७

लिहावंसं वाटत नाही. पण लिहिते.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जालन्याला निघालो. एस.टी.त गर्दी. मला पुढे जागा मिळाली, ह्यांना मागे. आज तिकिटं तेच काढणार होते. कंडक्टरने दोन रुपये परत दिले, एक नाणं. ह्यांनी बोटांत फिरवलं आणि मोठ्याने म्हणाले, "एक रुपया कमी दिलास. मला दिसत नाही म्हणून फसवतोस काय?"

"काका, दोनच हायेत ते."

"दोनाचं मला कळत नाही? त्याला कोन असतात!"

"जुन्याला, काका. हे गोल नवं हाय. कवाच आलंय. तुम्हाला घरी कोनी सांगितलं न्हाई का?"

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. मी उठले नाही. मान वळवून बघितलंसुद्धा नाही. एवढंसुद्धा का झालं नाही माझ्याच्याने, कळत नाही.

उतरताना हे कंडक्टरपाशी थांबले. "चूक माझी. माफ करा." तो बिचारा "जाऊ द्या काका" म्हणाला आणि ह्यांचा हात धरून खाली उतरवू लागला. ह्यांनी हात सोडवून घेतला.

डॉक्टर म्हणाले, आहे तसंच आहे.

१९ जाने.

सकाळी विचारलं, "कधीपासून?"

"दोन महिने झाले."

"रज्जाकला माहीत आहे?"

"हो."

"पारूबाईला?"

"हो."

"म्हणजे मी एकटाच." मग, "तुला वाटलं मला शिकता येणार नाही?"

मला तसं वाटलं नव्हतं. वाटलं होतं का?

दूध मी आणलं.

२५ जाने.

आठवडा झाला, हे उंबऱ्याबाहेर नाहीत. पेपर मी वाचून दाखवते. ऐकतात की नाही, कोण जाणे.

रज्जाकभाई स्वतः आले, दारातच उभे राहिले. "साहेब, रुसलात का?"

"तुमच्या दुकानात माझ्यासाठी वेगळं चलन आहे म्हणे."

"भाभीनं सांगितलं, मी ऐकलं. तुम्ही सांगितलं असतं तर तुमचं ऐकलं असतं."

हे जरा हसल्यासारखे वाटले. "मग आता ऐक. बाकीच्यांना देतोस तसंच मला दे."

"बराबर. मंग चुकलं तर?"

"चुकलं तर माझं चुकेल."

ते गेल्यावर मी पर्स उलटी करून सगळी गोल नाणी वाटीत टाकली. आवाज ऐकून हे नुसतं "हं" म्हणाले.

२७ जाने.

आज हे दुकानात गेले. मी फाटकापर्यंत गेले नाही. खिडकीशीही नाही. स्वयंपाकघरात उभी राहून गॅस न पेटवताच पातेलं ढवळत होते.

पाऊण तासाने आले. दूध बरोबर. पेपर बरोबर. पिशवीतून कोथिंबिरीच्या दोन जुड्या निघाल्या. हे त्यांच्यावर हात ठेवून उभे.

"मी एकच मागितली होती. रुपयाची. पारूबाई काही बोलली नाही, पिशवीत घालून मोकळी झाली." मग माझ्याकडे तोंड करून, "सांग. मी दोन दिले?"

नाही म्हणणं सोपं होतं. म्हणता आलं असतं, सणावाराची जास्त दिली असेल, ओळखीची आहे.

"हो," मी म्हटलं.

त्यांनी वाटीतून एक रुपयाचं आणि एक दोनाचं गोल नाणं मागितलं. ती दोन्ही माझ्याच तळहातावर ठेवली. "डोळे मीट. सांग कुठलं कुठलं."

मी चाचपलं. कड, जाडी, वजन, पुन्हा कड. एक किंचित मोठं वाटलं, मग दुसरं. एक सांगितलं, डोळे उघडून बघितलं, चुकलं होतं. पुन्हा मिटले. पुन्हा चुकलं.

"बघितलंस?" हे म्हणाले. रागाने की कसं, आवाजावरून मला कळलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कळलं नाही.

आता बाहेर पायरीवर उन्हात बसलेत, दोन्ही नाणी घेऊन. चहा झाला म्हणून हाक मारली. "थांब," म्हणाले.