भिंतीवरची लाल रेघ

८ ऑगस्ट १९५६, बुधवार
पहिले आला कोतवाल दसरू, त्याच्या मांगं पटवारीबाबू, अन् शेवटी बांबूच्या ठेकेदाराचा मुनीम. तिसरा दिसला तवाच मी समजली. पूर येणार तं मुनीमाचं काय काम? पटवारीबाबू म्हणे, आजी, वैनगंगा चढून राह्यली, धान घेऊन टेकडीवरच्या शाळेत चाला. मी चहा पाजला, हो हो म्हणली. जाता जाता भिंतीवर छातीएवढी लाल रेघ मारली. म्हणे पाणी इथवर येईल. मले शिकवते! जंगलात ज्या सागावर खूण पडली तो कापला जाते. घरावर पडली म्हणजे घर गेलं. ठेकेदाराले काठावर बांबूचा डेपो पाहिजे, म्हणून पुराचं सोंग.

९, गुरुवार
रेघ शेणानं सारवली. भिंत कशी गोमटी दिसते. शेजारची इंदुताई म्हणे, मावशी, माही बी सारवा. अख्खी ओळ सारवली. हात दुखून राह्यले, पण जीव खूश. सून भागीरथा म्हणे, आत्याबाई, दिवाळीपर्यंत खायाचं, बांबूच्या ढोलीत भरलेलं धान तरी वर नेऊ. मी म्हणली, धान हाललं की घर सोडलं असं लिहून घेतील. तिच्या माहेरचे असेच भित्रे. कुत्रं भुंकलं की खाटेवर.

११, शनिवार, सकाळ
पाणी उंबऱ्याशी. नदी दर साली पाय धुवाले येते, वापस जाते. भागीरथा लेकरं घेऊन शाळेत गेली. इंदुताई बी. मुनीमाले रिकामी घरं पाहिजेत. एक तरी भरलेलं ठेवते.

दुपार
खाटेवर बसली. ढोलीचं बूड ओलं.

१३, सोमवार
शाळेत. दसरूनं पाठीवर घेऊन आणलं. वाटंभर त्याले शिव्या दिल्या, तो हसे. भिंत बसली. ढोली फुटली, धान सारं गेलं. इंदुताई म्हणे, रेघ दिसत असती तं माहं धान अजून एक फळी वर ठेवलं असतं. मी तिले पाणी मांगितलं. तिनं आणून देलं.
भागीरथा खिचडी पहिले माह्याच पानात वाढते. शिव्यांपरीस तेच जिवाले जास्त लागते.
मुनीम सांगून गेला, काठावर आता डेपो होणार. मी म्हणलीच होती. पण कोणी आयकाले थांबलं नाई.
पटवारीबाबू घरांसाठी टेकडीवरच्या नव्या जागा मोजाले शुक्रवारी येतो म्हणाले. चहा मी करीन. बोलणार भागीरथा.